डिस्क घेण्याआधी आत्याचं ऐक

अगं, लॅपटॉपला नवी डिस्क कुठली घेऊ म्हणून विचारलंस ते बरं केलंस. पण माझा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. जुन्या डिस्कमधलं सगळं दुसरीकडे उतरवून ठेवलंयस का? नसेल तर पुढचं वाचायची घाई नको, आधी ते कर. डिस्क बाजारात कधीही मिळते. आजोबांच्या एकसष्टीचे फोटो आणि तुझ्या प्रबंधाची प्रकरणं कुठल्याच बाजारात मिळत नाहीत. सांगलीच्या दुकानात काउंटरमागे माझं अर्धं आयुष्य गेलं. तिथे डोळ्यांत पाणी आलेली माणसं मी पाहिली ती सगळी डेटासाठी. डिस्कच्या पैशांसाठी कोणी रडलं नाही.

उतरवताना माणसं डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे दोन फोल्डर घेतात आणि मोकळी होतात. डेस्कटॉपवर पडलेलं राहतं, डाउनलोड्समधलं राहतं, ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड राहतात, टॅली वापरणाऱ्यांचा टॅलीचा डेटा फोल्डर राहतो, आउटलुकची पीएसटी फाइल राहते. आणि आपल्याकडे हमखास राहतात ते फॉन्ट. तुझ्या बाबांनी श्रीलिपीत आणि कृतिदेवमध्ये टाइप केलेलं कितीतरी त्या लॅपटॉपवर असणार. नव्या विंडोजवर तो फॉन्ट नसला की तीच फाइल उघडल्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात, आणि माणूस समजतो फाइल बिघडली. ती बिघडलेली नसते. फॉन्ट परत टाकला की मजकूर जसाच्या तसा उभा राहतो. म्हणून सी ड्राइव्हवर विंडोजच्या आत जो फॉन्ट्स फोल्डर असतो, तोही उचलून घे.

डिस्क नुसती मंद असेल तर हे सगळं सावकाश जमतं. पण आतून टक-टक असा ठरावीक आवाज येत असेल तर लॅपटॉप ताबडतोब बंद कर आणि पुन्हा चालू करून बघू नकोस. हार्ड डिस्कमध्ये वाचणारं हेड तबकडीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. हेड बिघडलं की प्रत्येक वेळी चालू करताना ते तबकडी खरवडण्याची भीती असते, आणि खरवडलेला भाग कोणालाच परत आणता येत नाही. अशी डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडेच जायला हवी. फ्रीजरमध्ये ठेव, टकटक आपटून बघ, झाकण उघडून बघ, असे उपाय सांगणारे भेटतील. एकही करू नकोस.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं, त्यानंतर भिजलेले लॅपटॉप घेऊन माणसं दुकानात येत होती. तेव्हा मी प्रत्येकाला एक गोष्ट दाखवायची. हार्ड डिस्कच्या कव्हरवर एक बारीक भोक असतं आणि शेजारी इंग्रजीत लिहिलेलं असतं की हे झाकू नका. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं असतं. त्याला आतून गाळणी असते, पण ती धुळीसाठी. पुराचं पाणी तिथूनच आत जातं. अशी डिस्क हेअर ड्रायरने सुकवली की गाळ तबकडीवर चिकटून बसतो. भिजलेली डिस्क सुकवू नये आणि चालू तर अजिबात करू नये, हे तुझ्या मैत्रिणींनाही सांगून ठेव.

आता डिस्क खरंच गेलीय का, ते बघू. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, ती हे सॉफ्टवेअर वाचून दाखवतं. त्यातल्या तीन ओळी बघ. 05 म्हणजे बाद करून दुसरीकडे हलवलेले सेक्टर, सी5 म्हणजे वाचता न येणारे आणि निकालाची वाट बघणारे सेक्टर, आणि सी7 म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्या बोलण्यात झालेल्या चुका. हे आकडे सुरुवातीला सोळाच्या पायावर दिसतात, सेटिंगमध्ये जाऊन दहाच्या पायावर कर म्हणजे गोंधळ होणार नाही. पहिल्या दोन ओळींत शून्याऐवजी काही आलं आणि दर आठवड्याला वाढत गेलं तर डिस्क जाणार हे धरून चाल. पण पहिल्या दोन ठीक आणि फक्त सी7 वाढतोय, असं दिसलं तर डिस्क निर्दोष असू शकते. पातळ कागदासारखी जी पट्टी डिस्कला मदरबोर्डाशी जोडते, ती दुमडून किंवा सैल होऊन असं होतं. पट्टी डिस्कच्या मानाने फार स्वस्त. ती बदलून बघितल्याशिवाय नवी डिस्क विकणारा दुकानदार घाई करतोय, इतकं समज.

डिस्क बदलायचीच असं ठरलं, तर आता दुकानात जायच्या आधी लॅपटॉप उघड. जाहिरात काय म्हणते ते नंतर. तुझा लॅपटॉप काय घेतो, हे आधी कळलं पाहिजे. खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवरून सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घे. बहुतेक मोठ्या कंपन्या ते देतात. लॅपटॉप बंद कर, चार्जर काढ, बॅटरी आत असेल तर तिचा कनेक्टर आधी सोडव. स्क्रू सगळे सारख्या लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला तर तो पाम रेस्टमधून वर येतो, म्हणून कागदावर लॅपटॉपचा आकार काढ आणि काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेवर चिकटपट्टीने चिकटव.

आत चपट्या डबीसारखी डिस्क दिसली, पत्त्यांच्या कॅटएवढी रुंद, तर ती अडीच इंची. बहुतेक सॅटा जोडणीची, म्हणजे एका बाजूला सोनेरी पट्ट्यांचे दोन लहानमोठे दात. 2003 पासून सॅटा आलं. त्याआधीच्या लॅपटॉपांत बारीक सुयांच्या दोन रांगा असलेली जुनी आयडीई जोडणी असायची. तसा लॅपटॉप कोणी आणला तर त्यात पैसे घालू नकोस. सॅटामध्ये एक सोय आहे. नव्या पिढीची डिस्क जुन्या पिढीच्या जोडणीवर चालते, फक्त वेग जोडणीएवढा राहतो.

पण जाडी बघायला विसरू नकोस, घोळ तिथेच होतो. अडीच इंची डिस्क 9.5 मिलिमीटर जाडीची असते तशी 7 मिलिमीटरचीही असते. पातळ लॅपटॉपमध्ये 7 ची जागा असते, तिथे 9.5 ची घुसत नाही. उलट 9.5 च्या जागेत 7 ची बसते, पण हलते. त्यासाठी अडीच मिलिमीटरची प्लॅस्टिकची चौकट मिळते, काही कंपन्या ती डबीतच देतात. नसेल तर डिस्कबरोबर मागून घे. हलणाऱ्या डिस्कची जोडणी सैल होते, आणि मग तोच सी7 पुन्हा वाढायला लागतो.

डबी न दिसता च्युइंगगमच्या कांडीएवढी हिरवी किंवा काळी पट्टी आडवी पडलेली दिसली तर तो एम डॉट टू. त्यावर 2280 असं लिहिलेलं असतं. पहिले दोन आकडे रुंदी, 22 मिलिमीटर. पुढचे दोन लांबी, 80 मिलिमीटर. काही लहान लॅपटॉपांत 2242 किंवा 2230 असते, आणि तिथे 80 ची पट्टी ठेवायला जागाच नसते. आता खरी अडचण ऐक. एम डॉट टू हे फक्त आकाराचं नाव आहे. त्या आकारात दोन वेगळ्या भाषा बोलणाऱ्या डिस्क येतात, सॅटा आणि एनव्हीएमई. काही स्लॉट दोन्ही घेतात, काही फक्त सॅटा, काही फक्त एनव्हीएमई. पट्टीच्या दातांतल्या खाचा मोज. एकच खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई, दोन असतील तर बहुधा सॅटा. पण हे शंभर टक्के खरं धरू नकोस, दोन खाचांच्या एनव्हीएमईही निघालेल्या आहेत. खात्री मॅन्युअलमध्येच होते, नाहीतर आत बसलेल्या डिस्कवरचा नंबर शोधून.

मॅन्युअलमध्ये एक गोष्ट आणखी सापडेल, मोकळा स्लॉट. पुष्कळ लॅपटॉपांत अडीच इंची डिस्क असतानाही एक एम डॉट टूची जागा रिकामी असते आणि मालकाला वर्षानुवर्षं पत्ता नसतो. तसं असेल तर विंडोज नव्या एम डॉट टूवर जाऊ दे आणि जुनी डिस्क धडधाकट असेल तर तिथेच राहू दे, साठवणीला.

आणि काही लॅपटॉपांत बदलण्यासारखं काही नसतंच. स्वस्तातल्या छोट्या लॅपटॉपमध्ये ईएमएमसीची चिप मदरबोर्डवर डाग देऊन बसवलेली असते. अॅपलचे नवे मॅकबुकही तसेच, साठवण बोर्डावरच. तिथे बाहेरून डिस्क जोडणे एवढाच मार्ग.

हार्ड डिस्क की एसएसडी, या प्रश्नाला माझं उत्तर एकच आहे: ज्या डिस्कवर विंडोज राहणार ती एसएसडी. तू रोज एसटीने जातेस, लॅपटॉप पिशवीत हिंदकळतो, कित्येकदा तो नीट बंदही झालेला नसतो. फिरती तबकडी असलेल्या डिस्कला हे सोसत नाही. वेगाचं कारणही समजून घे, म्हणजे कोणी फसवणार नाही. मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या डिस्कला नुसता अर्धा फेरा फिरायला साडेपाच मिलिसेकंद लागतात, वर हेड सरकायचा वेळ वेगळा. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली इकडून तिकडून वाचाव्या लागतात, आणि प्रत्येकीसाठी ही वाट बघणं आलं. एसएसडीत फिरणारं काही नाही, तिचा हाच वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. जुना लॅपटॉप एसएसडी घातल्यावर नव्यासारखा वाटतो तो एवढ्यानेच. 7200 फेऱ्यांची हार्ड डिस्क घे म्हणून कोणी सुचवलं तर त्यातून मिळणारा फरक याच्यापुढे अगदीच थोडा.

म्हणून डबीवरच्या मोठ्या आकड्यांना भुलू नकोस. सॅटा एसएसडी सेकंदाला साधारण 550 एमबी वाचते, एनव्हीएमई तिसऱ्या पिढीची साडेतीन हजारांच्या आसपास, चौथ्या पिढीची सात हजारांपर्यंत. हे आकडे एकच मोठी फाइल सलग वाचतानाचे असतात. तुझं काम वर्ड, ब्राउझर, पीडीएफ. हार्ड डिस्कवरून सॅटा एसएसडीवर आलीस तर जमीन-अस्मानाचा फरक दिसेल. सॅटावरून एनव्हीएमईवर गेलीस तर घड्याळ लावून बसल्याशिवाय कळणार नाही. तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चौथ्या पिढीची डिस्क चालते, पण तिसऱ्याच्याच वेगाने. किमतीत फरक नसेल तर घे, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नकोस.

किती जीबीची? 500 च्या घरातली घे. 250 मध्ये विंडोज, ऑफिस आणि दोन वर्षांचे फोनचे फोटो मावले की डिस्क गच्च होते, आणि गच्च झालेली एसएसडी मंदावते. पाचवा-सहावा हिस्सा कायम मोकळा ठेवायचा. 500 जीबीची डिस्क विंडोजमध्ये 465 दाखवेल, 1 टीबीची 931. दुकानदाराने गंडवलं असं समजून भांडायला जाऊ नकोस. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या पटीत.

एसएसडीत टीएलसी आणि क्यूएलसी असे प्रकार आहेत. क्यूएलसीत एकाच पेशीत जास्त माहिती कोंबलेली असते, म्हणून ती स्वस्त पडते, पण मोठी फाइल कॉपी करताना सुरुवातीचा कॅश भरला की वेग धाडकन उतरतो. मला विचारशील तर टीएलसी. टीबीडब्ल्यू म्हणजे आयुष्यभरात किती टेराबाइट लिहू शकते त्याची कंपनीने दिलेली हमी. 500 जीबीच्या चांगल्या डिस्कवर हा आकडा दीडशे ते तीनशेच्या दरम्यान असतो. तू रोज 20 जीबी लिहिलंस, आणि तेवढं तू लिहीत नाहीस, तरी वर्षाला सात टेराबाइटच्या थोडंच वर जातं. दीडशे संपायला वीस वर्षं. तेव्हा त्या आकड्यापेक्षा वॉरंटी तीन वर्षांची आहे की पाच, हे बघ.

हार्ड डिस्क कोणी घ्यावी? ज्याला कमी पैशात भरपूर साठवायचंय त्याने. हार्ड डिस्क बनवणारे जगात आता तीनच उरलेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. चौथं कुठलंही नाव दिसलं तर आत या तिघांपैकीच कोणाची तरी डिस्क असते. अडीच इंचीत 1 टीबी आणि वरच्या बहुतेक डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात, म्हणजे कौलांसारखे एकावर एक चढलेले ट्रॅक. फोटो साठवायला ठीक, पण रोजची लिहा-पुसा असली की त्या गुदमरतात. विंडोजसाठी नकोतच.

किंमत उतरेल म्हणून थांबू का, असंही विचारशील. चांगली डिस्क असेल तर थांब, आजारी असेल तर थांबू नकोस. 2011 मध्ये थायलंडला पूर आला, डिस्कचे कारखाने बुडाले आणि हार्ड डिस्कच्या किमती बघता बघता चढल्या. आमच्याकडे कितीतरी गिऱ्हाइकं पुढच्या महिन्यात घेऊ म्हणून गेलेली होती.

खरेदी पुण्यात तपकीर गल्लीत कर, मुंबईला गेलीस तर लॅमिंग्टन रोडला, किंवा ऑनलाइन. कुठेही कर, पण तपासण्या त्याच. बॉक्स पॅक माल माग. सुट्टा पीस, जुन्या लॅपटॉपमधून काढलेला पुल्ड माल, नव्यासारखा केलेला माल, हे स्वस्तात मिळतं, आणि एसएसडी एक वेळ ठीक, पण वापरलेली हार्ड डिस्क कोणी फुकट दिली तरी त्यावर काही महत्त्वाचं ठेवू नकोस. डबीवरचा आणि डिस्कवरचा सीरियल नंबर जुळतो का बघ, आणि तो बिलावर लिहून घे. तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की वॉरंटी कधीपर्यंत आहे ते कळतं. आपल्या देशात वॉरंटीच नाही असं उत्तर आलं तर माल परत कर. घरी आल्यावर पहिलं काम क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पॉवर ऑन अवर्स बघणं. नव्या डिस्कवर शून्य किंवा दोन-चार तास असतात. हजार दिसले तर ती नवी नाही. आणि अनोळखी नावाची डिस्क अविश्वसनीय स्वस्तात मिळाली असेल तर विंडोज टाकायच्या आधी एच2टेस्टडब्ल्यू चालव. ते पूर्ण जागा भरून परत वाचून बघतं. 2 टीबी छापलेल्या डबीत प्रत्यक्षात पेन ड्राइव्हएवढी चिप असते, असा माल बाजारात फिरतो.

लॅपटॉप इंटेलच्या आठव्या पिढीआधीचा असेल तर एका गोष्टीचा विचार कर. विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली आणि विंडोज 11 तिथे अधिकृतपणे चढत नाही. अशा लॅपटॉपला 250 जीबीची साधी सॅटा एसएसडी घाल आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाक. लॅपटॉप पुढे मोडीत निघाला तरी ती डिस्क यूएसबी केसमध्ये घालून वापरता येते.

बसवण्याआधी विंडोजच्या सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर चालू आहे का बघ. चालू असेल तर अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घे, नाहीतर जुन्या डिस्कवरचं तुझंच सामान तुला उघडता येणार नाही. विंडोजच्या लायसन्सची काळजी नको, ते मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, डिस्क बदलली तरी तेच विंडोज पुन्हा टाकल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. क्लोन मारायचा की नवं विंडोज टाकायचं, तर आजारी डिस्कचा क्लोन मारू नये. तो पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचत जातो, आणि बिचारी मध्येच मान टाकते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपांत विंडोज टाकताना नवी एनव्हीएमई दिसतच नाही. डिस्क खराब निघाली म्हणून परत करायला धावू नकोस. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन तिथे दाखवला की दिसते. एम डॉट टू तिरपी घालायची, मग अलगद दाबून स्क्रू लावायचा. जोर लागतोय असं वाटलं तर खाच चुकलीय.

एसएसडीवर एक गोष्ट बदलते, ती मनावर घे. हार्ड डिस्कवरून डिलीट झालेला फोटो पुष्कळदा परत काढता यायचा. एसएसडीत विंडोज ट्रिम नावाची सूचना देतं आणि पुसलेली जागा डिस्क आतून खरोखर रिकामी करते; तिथून मी काय, कोणीच काही काढून देऊ शकत नाही. शिवाय वीज न मिळता वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या एसएसडीतला चार्ज हळूहळू गळतो. म्हणून दुसरी प्रत हार्ड डिस्कवरच असू दे. तुझी जुनी डिस्क तपासणीत चांगली ठरली तर साध्या यूएसबी केसमध्ये घाल, महिन्यातून एकदा जोडून प्रत काढ, आणि एरवी लॅपटॉपपासून वेगळ्या खोलीत ठेव.

खराब ठरली तर भंगारवाल्याला तशीच देऊ नकोस. नुसतं क्विक फॉरमॅट मारल्याने काही जात नाही. चालत असेल तर पूर्ण डिस्कवर शून्य लिहिणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालव. चालतच नसेल तर तबकडी फोडावी लागते, आणि अडीच इंचीच्या तबकड्या पुष्कळदा काचेच्या असतात, वरून धातूसारख्या चकाकतात एवढंच. गोणपाटात दोन पदरी गुंडाळ, चष्मा लाव, मग हातोडी घाल. आणि तुकडे ई-कचऱ्यात जाऊ देत, घंटागाडीत नाही. कचरा वेचणाऱ्या बाईचे हात कापतील.